आईंच्या गोष्टी

"फॉरमॅट मारू आणि मोकळे होऊ," भाऊजी म्हणाले, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मोकळे होऊ म्हणे! यांचं काय जातंय? सकाळपासून कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता. पंखा घरघरायचा, काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या आणि सगळं ठप्प. त्याच डब्यात माझ्या सासूबाईंचा आवाज होता. घशाचं ऑपरेशन व्हायच्या आधी आई दुपारी माइकसमोर बसून नातीसाठी गोष्टी सांगायच्या. ऑपरेशनमध्ये आवाज गेला तो कायमचाच. माझी पोर तेव्हा पाळण्यात होती. आजीचा आवाज कसा होता हे तिला कळायचं, तर त्या डब्यातूनच.

"वहिनी, मी बॅकअप घेतलाय मागेच," असं म्हणत भाऊजींनी पेनड्राइव्ह माझ्यासमोर नाचवला. आमच्या घरात कॉम्प्युटर शिंकला तरी माझ्या धाकट्या दिरांना बोलावतात. का, तर त्यांनी एकदा प्रिंटर सुरू केला होता!

मी पेनड्राइव्ह माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला लावला. 'आईच्या गोष्टी' असं नाव दिसलं. क्लिक केलं, तर फाइल सापडत नाही. नीट बघितलं, तर चित्राच्या कोपऱ्यात इवलासा बाण. भल्या माणसाने डेस्कटॉपवरचे नुसते शॉर्टकट कॉपी केले होते! घर तिथेच ठेवून दारावरची पाटी तेवढी उचलून आणावी, तसला प्रकार.

हे सांगायला वळले, तर भाऊजीसाहेबांनी नवीन विंडोज टाकायला घेतलंसुद्धा. 'सगळा डेटा पुसला जाईल, पुढे जायचं?' असं पडद्यावर विचारत होतं आणि यांचं बोट एंटरवर. मी सरळ भिंतीतला प्लग खेचला.

"अगं, काय चाललंय काय तुझं?" सोफ्यावरून हे ओरडले. इतका वेळ पेपरातून मान वर काढली नव्हती.

"तुमच्या आईचा आवाज भाऊजी पुसत होते, ते चाललं होतं! विचारलंत कोणी त्यांना?"

आई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पुढे येऊन माझं मनगट धरलं.

मी कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, त्या डिस्कवर आता काहीही टाकू नका. डिस्क बाहेर काढा, केबलने दुसऱ्या मशीनला जोडा, आधी फाइल्स कॉपी करून घ्या. मग काय तो गोंधळ घाला." त्याच्याकडून केबल आणली. डबा उघडून स्क्रू मीच काढले. भाऊजी "जपून, जपून" करत मागे उभे. आता जपून!

डिस्क लॅपटॉपला जोडली आणि सगळं फोल्डर जसंच्या तसं समोर. आधी कॉपी केलं, तेही दोन ठिकाणी. मग पहिली गोष्ट लावली. सगळे जवळ येऊन बसले.

"एक होता विसरभोळा शिंपी," आईंचा आवाज आला. "एकदा त्याने राजाच्या अंगरख्याला..."

"आई, माझे मोजे कुठायत?" हा भाऊजींचा आवाज.

"कपाटात बघ, खालच्या कप्प्यात. तर तो शिंपी..."

"आई, चहा टाकतेस ना?" हे आमचे हे.

"आले रे." आणि रेकॉर्डिंग बंद.

दुसरी लावली, तिसरी लावली. प्रत्येकीत कोणाला टॉवेल हवा, कोणाला किल्ली सापडत नाही. एकही गोष्ट शेवटाला गेलेली नव्हती. बाई दुसऱ्या दिवशी नवी सुरू करायची, तीही अर्धीच. दोन्ही लेक खाली माना घालून ऐकत होते.

शेवटी ह्यांनी विचारलं, "आई, त्या शिंप्याचं पुढे काय झालं गं?"

"आत्ता विचारताय होय!" मी ओरडले, आणि मला रडूच फुटलं.

आईंनी सवयीने सांगायला तोंड उघडलं. मग ओठ मिटले आणि लेकाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.