शेवटच्या पाण्यात एक झाकण

मित्रांनो, नाव ऐकून नाक मुरडणार असाल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढचे नीट ऐकता येईल. मी एक जुना लंगोट आहे. होय, तान्ह्या बाळाला बांधतात तोच. आज मी स्वयंपाकघरात ओट्याखालच्या खिळ्याला लटकतो. माझी एक नाडी तुटली आहे, कडा विरल्या आहेत आणि मधोमध चहाचा एक डाग कायमचा मुक्कामाला आला आहे. त्या डागाचे मला काही वाटत नाही. पण एका गोष्टीची रुखरुख अजून जात नाही, आणि तीच तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म आत्याच्या शिलाई मशीनवर झाला. ही आत्या म्हणजे बाळाच्या बाबांची आत्या. तिने तीस वर्षे एका मोठ्या लाँड्रीत काम केले. हॉटेलांचे टॉवेल, दवाखान्यांच्या चादरी, सगळे तिच्या हाताखालून गेलेले. भाच्याच्या घरी बाळ येणार असे कळले तेव्हा तिने कपाटातून आपली स्वतःची जुनी सुती चादर काढली. संसारातली तिची ती पहिली खरेदी होती. कात्री लावण्यापूर्वी तिने चादरीवरून दोनदा हात फिरवला, मग नाक ओढले आणि कामाला लागली. चार पदर, तिकोनी घडी, दोन बाजूंना दोन नाड्या, असे आम्ही चोवीस भाऊ तीन दिवसांत तयार झालो.

बाळाची आई चादरी-टॉवेलांच्या दुकानात विक्रेती होती. ‘हात लावून तर बघा’ हे वाक्य ती दिवसातून शंभर वेळा म्हणत असे. बाळासाठी कापडी लंगोट वापरायचे हे तिने पक्के ठरवले होते, पण पहिलटकरीण ती, तिला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. कोणी म्हणे बारा पुरतात, कोणी म्हणे छत्तीसही कमी पडतात. शेवटी एका दुपारी जेवणाच्या टेबलावर सगळा बाजार मांडला गेला. एकीकडे शेजारणीने दिलेले, वापरून फेकायचे डायपर. मध्ये टिचबटणांचे रंगीत, नवेकोरे लंगोट. आणि कडेला आम्ही, पांढरे, साधे, एकावर एक रचलेले. बाबांनी मला उचलून उशीला बांधून पाहिले. उशी दोनदा लंगोटातून निसटली.

“अरे, आवळतोस काय असा? पोतं आहे का ते?” आत्या म्हणाली.

आईने एकेक कापड गालाला लावून पाहिले. माझी पाळी आली तेव्हा ती थोडा वेळ तशीच थांबली. “हे सगळ्यांत मऊ आहेत, आत्या.”

“मऊपणा नंतर बघ गं. कापड पाणी पितं का, ते आधी बघायचं.” आत्याने ग्लासात बोट बुडवून एक थेंब माझ्यावर सोडला. मी तो तेव्हाच पिऊन टाकला. रंगीत लंगोटावर मात्र थेंब मण्यासारखा बसून राहिला. “नव्या कापडावर कसलंतरी लेपण असतं. पाच-सहा वेळा धुतलं की तेही पिईल. पण हे माझे आत्तापासून पितात.”

आई हसली, मान डोलावली आणि पुन्हा मला गालाला लावले. आमची निवड झाली. मला आभाळ ठेंगणे झाले होते, हे कबूल करायला हवे.

मग बाळ आले. टक्कल गुळगुळीत, चेहरा वाटोळा, म्हणून सगळे तिला गोटी म्हणू लागले. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. आम्ही चोवीस जण, पण दिवसाला दहा-बारा जणांचा तरी नंबर लागायचाच. भिजायचे, धुतले जायचे, उन्हात वाळायचे आणि पुन्हा हजर व्हायचे. गोटी भिजली तरी रडत नसे, कारण सगळी ओल मी पोटात घेत असे. आत्या दर रविवारी येई, गोटीला मांडीवर घेई आणि लंगोट बांधता बांधता तिच्याशी तासभर गप्पा मारी. “काय गं भवाने, आज किती भिजवलेस?” गोटी तिच्याकडे बघून बोळके पसरून हसत असे.

तिसऱ्या महिन्यात माशी शिंकली. आमच्या गावचे पाणी जड होते. साबण आणि कडक ऊन यांनी आम्ही जरा राठ झालो. आईने मला गालाला लावले आणि तिचा चेहरा पडला. “अगंबाई! हे असलं टोचरं माझ्या गोटीला?” दुकानात मांडायचे टॉवेल ती एका सुगंधी निळ्या औषधाच्या पाण्यातून काढत असे. धुऊन झाले की शेवटच्या पाण्यात एक झाकण टाकायचे, म्हणजे टॉवेल लोण्यासारखा मऊ होतो आणि गिऱ्हाईक त्याला हात लावताच पाघळते. तिने तीच बाटली घरी आणली आणि आमच्या बादलीत एक झाकण ओतले.

आम्ही खरेच मऊ झालो. फुलांसारखा वास येऊ लागला. आईने बादलीतच तोंड खुपसून तो वास घेतला. आणि मीही तेव्हा फुशारलो होतो, याची मला आज लाज वाटते. कारण त्या दिवशी गोटीने मला भिजवले आणि ओल माझ्या आत शिरेचना. धाग्याधाग्यावर त्या औषधाचा चिकट पापुद्रा बसला होता. ओल तशीच तिच्या अंगाला लागून राहिली. मी जीव तोडून प्यायला बघत होतो, पण व्यर्थ.

चार दिवसांत गोटीच्या मांड्या लाल झाल्या. आई तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी विचारले, “लंगोट कशात धुता?”

“बाळाच्याच साबणात,” आई म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती. ते निळे औषध तिच्या लेखी साबण नव्हतेच. डॉक्टरीणबाईंनी मलम दिले, लंगोट वरचेवर बदलायला सांगितले आणि बाळाला जमेल तेवढे मोकळे ठेवायला सांगितले.

त्या रविवारी आत्या आली. तिने गोटीचे अंग पाहिले आणि सरळ मला उचलून नाकाशी नेले. तिची भुवई वर गेली. ती आता बोलणार, एवढ्यात आई कडाडली. आठवडाभराची झोप डोळ्यांवर होती आणि पोरीचे रडणे कानात.

“तुमच्या कापडानंच झालंय हे, आत्या! लाँड्रीतली कोणाकोणाची अंथरुणं कापून आणलीत, देव जाणे. मीच वेडी, ती माझ्या लेकराला बांधली.”

बाबा एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. दोघींपैकी एकीलाही दुखवायची त्यांची छाती नव्हती. आत्याने माझी घडी घातली, मला खाटेवर ठेवले, “बरं” म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आणि आईने काय केले, ठाऊक आहे? दुखऱ्या कातडीला आणखी मऊ कापड हवे म्हणून ती एका झाकणाऐवजी दोन झाकणे ओतू लागली. ते ती मायेनेच करत होती, म्हणून तर मला अजून आठवते. आठ दिवसांत गोटीची कातडी सोलवटली, पाणी लागले की ती किंचाळू लागली, तापाने फणफणली. दोन दिवस तिला दवाखान्यात ठेवावे लागले. घरी आल्यावर आईने आम्हाला दोरीवरून ओरबाडून काढले आणि एका पिशवीत कोंबले. घरात डायपर आले. गोटी बरी झाली, आणि कापडच वाईट होते हे सगळ्यांना पटले.

मला तेवढे ओटा पुसायला बाहेर काढले. सांडलेले पुसायचे, साध्या सोड्याच्या गरम पाण्यात उकळायचे, पिळून टाकायचे, असे दीड वर्ष गेले, आणि त्यात औषधाचा तो पापुद्रा कधीच निघून गेला. एका सकाळी गोटीने, आता ती दुडुदुडु धावत होती, दुधाचा पेला उलटा केला. आईने मला त्यावर टाकले आणि मी ते सगळे दूध एका दमात पिऊन टाकले. आई माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने ती पिशवी शोधून माझा एक भाऊ बाहेर काढला. त्याला अजून फुलांचा वास येत होता. तिने दोघांवर पाण्याचा एकेक थेंब सोडला. माझ्यावरचा नाहीसा झाला. त्याच्यावरचा घरंगळून फरशीवर पडला. आईने आम्हा दोघांना पिशवीत घातले.

त्याच दिवशी ती गोटीला घेऊन आत्याकडे गेली. आम्ही दोघे पिशवीत होतोच. तिने आम्हाला आत्यासमोर ठेवले आणि सगळे सांगितले. “माझं चुकलं, आत्या. तुमचं कापड चांगलं होतं.”

आत्याने माझ्या भावाला नाकाशी नेले. मग म्हणाली, “मला माहीत होतं गं. त्या रविवारीच वास आला होता.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू कोणाकोणाची अंथरुणं म्हणालीस ना. माझी चादर होती ती. म्हटलं, ठेच लागली की कळेल हिची हिला.” आत्याने डोळ्यांना पदर लावला. “एकच वाक्य होतं. शेवटच्या पाण्यात काही घालू नकोस, एवढंच. मी रुसून घरी बसले आणि पोर दवाखान्यात गेली. लाँड्रीत मी शंभर पोरींना हेच शिकवलं असेल, आणि घरच्या पोरीला सांगितलं नाही.”

मग तिने गोटीपुढे हात पसरले. “ये गं भवाने.” गोटी आईच्या पायामागे लपली. “आई, ही कोण?” तिने विचारले.

मित्रांनो, आम्हा सुती कापडांना साध्या साबणात धुवा, उन्हात वाळवा, शेवटच्या पाण्यात काही घालू नका. आम्ही वर्षानुवर्षे तुमची सेवा करू. आणि आणखी एक मागणे आहे. तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट कोणाच्या उपयोगाची असेल, तर राग आलेला असला तरी ती त्याच दिवशी सांगा. नंतर हवे तेवढे रुसा. मी एवढे जाणत होतो, पण मला तोंड नव्हते. आत्याला होते.