तीन रेघांआडची वेळ

सूनबाई डायलिसिस केंद्राची वेबसाइट सांभाळायची, आणि त्या साइटचं सगळ्यात इमानी गिऱ्हाईक म्हणजे तिचे सासरे. डायलिसिसच्या खुर्चीची वेळ दर खेपेला बदलायची. बाबा ती स्वतः फोनवर बघायचे आणि स्वतःच बसने जायचे. कुणाचं बोट धरून जाणार नाही, हा त्यांचा हट्ट. आजाराने बाकी बरंच हिरावून नेलं होतं, एवढं एक उरलं होतं.

अलीकडेच तिने साइटचा फ्रेमवर्क, म्हणजे साइट ज्या सांगाड्यावर उभी असते तो, नव्या आवृत्तीवर नेला. ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर सगळं ठाकठीक दिसलं. बाईसाहेब खूश! फोनवर उघडून बघायचं तेवढं राहिलं.

मग एक दिवस केंद्रातल्या नर्सबाईंचा फोन आला. पाळी दुपारची असली तरी बाबा हल्ली पहाटेच येऊन बाकावर बसतात, विचारलं तर घरी करमत नाही म्हणतात, असं त्या संकोचत म्हणाल्या.

सूनबाई विचारात पडली. घरी तर ते ‘फिरायला जातो, तसाच पुढे केंद्रात जाईन’ म्हणून निघायचे. आपलं काही बोलणं लागलं की काय? तिने त्यांची वेळ बघायला फोनवर साइट उघडली, आणि पाहते तर मेनूच गायब! कोपऱ्यात नुसत्या तीन रेघा. त्या दाबल्या की मेनू उघडणार, आणि त्यात पार तळाशी ‘आजची वेळ’. बाबांना त्या रेघा नक्षी वाटल्या असणार; वेळ सापडेना, म्हणून पाळी चुकू नये यासाठी पहाटेच जाऊन बसत असणार, दुसरं काय.

चूक तिचीच. जुना मेनू वेगळ्या फाईलमध्ये न ठेवता तिने थेट फ्रेमवर्कच्याच फाईलमध्ये घुसडला होता. नवी आवृत्ती आली आणि सगळ्यावर बोळा फिरवून गेली. तिने कान पकडले, मेनू आपल्या फोल्डरात नव्याने मांडला आणि ‘आजची वेळ’ रेघांच्या बाहेर, सगळ्यात वर, ठळक अक्षरांत आणली.

संध्याकाळी तिने बाबांना विचारलं, “मला का नाही सांगितलंत?”

बाबांनी चष्मा काढून पुसला. “ही साइट माझ्या सुनेची, म्हणून केंद्रात सगळ्यांना सांगत सुटलो होतो. आता पहिली तक्रार मीच करू?”

ती त्यांच्याशेजारी बसली. “बाबा, तुम्ही माझं पोर सांभाळलंत म्हणून मी हे काम शिकले. तुमचं नाही ऐकणार तर कुणाचं ऐकू?”

“पुरे गं,” म्हणत त्यांनी फोनमध्ये डोकं घातलं. उद्याची पाळी दुपारची, हे त्यांनी स्वतःच वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी काळजीच्या सवयीने तिला पहाटेच जाग आली. बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आत ते डाराडूर घोरत होते. एरवी त्या घोरण्याला वैतागणारी सूनबाई दाराशीच उभी राहिली, आणि किती तरी वेळ ते ऐकत राहिली.