कळंबाची फांदी आणि पाच फेऱ्या

आमच्या ह्यांना पाखरांचं वेड कसं लागलं ते आधी सांगते, म्हणजे मी चारचौघांत का ओरडले ते कळेल.

खडवलीहून नदीच्या काठाने पाऊण तास चाललं की आमचं गाव. काठावर बांबूचं बेट, त्यात बगळे. राहीनात का, कोणाचं काय जात होतं? पण चोपन्न साली ठाण्याहून कोणी साहेब आला, दुर्बीण लावून दोन तास बगळे बघत बसला, आणि जाताना ह्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "सरपंच, हे रान जपा हं." झालं! आठवड्यात पंचायतीची पाटी लागली, 'राखीव रान'. आणि वर्ष उलटायच्या आत ह्यांना ते रान अपुरं वाटायला लागलं. म्हणे बगळ्यांची दाटी होते. आम्ही सात माणसं दोन खोल्यांत राहतो, आमची दाटी कधी दिसली नाही.

पंचावन्नच्या माघात ठराव आला, रान नदीपासून थेट मारुतीच्या देवळापर्यंत वाढवायचं. नियम ह्यांनी स्वतः बोरू घासून लिहिला: 'राखीव रानातलं पान, फांदी, काडी कोणी तोडू नये. लग्नकार्य, सणवार, पाहुणा, कोणालाही सवलत नाही. तोडील त्याने दोन्ही कान धरून मारुतीला पाच फेऱ्या घालाव्यात.' पाचही पंचांनी हात वर केले.

आता गंमत ऐका. त्या वाढीव रानात देवळासमोरचा कळंब आला. पंचक्रोशीत उरलेला तो एकच, बाकीचे लढाईच्या दिवसांत कंत्राटदारांनी तोडून नेलेले. आणि त्या पाचही पंचांचं देवक कळंबाचं! कळंबाची फांदी वाजतगाजत आणून मांडवात बांधल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. पाच शहाणे बसले होते, पण एकालाही आठवलं असेल तर शपथ.

पहिली सापडली रंगूकाकी. साठी उलटलेली एकटी बाई, जवळ एक शेळी. शेळी व्यालेली, म्हणून काकीने कळंबाची मूठभर पानं ओरबाडली आणि धाकू रखवालदाराने धरली. धाकू सरळ माणूस. पाऊस आत येऊ देऊ नकोस म्हटलं तर काठी घेऊन आभाळाकडे बघत उभा राहील. त्याने पानं काढून घेतली आणि काकीला फेऱ्या घालायला लावल्या. म्हातारी कान धरून पुढे, शेळी मागे. सगळा गाव हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

मग आमच्या शीलाचं लग्न ठरलं.

आधीची दोन स्थळं मोडलेली, त्यामुळे पोर मिटून गेली होती. हा मुलगा ठाण्यातल्या खोपटचा, उत्तम नावाचा, पोस्टात नोकरीला. शीलाला इतका आवडला की बोलणी पुरी व्हायच्या आत तिने उशीच्या अभ्र्यावर त्याचं नाव भरलं. पण त्याची आई म्हणजे बाई गं! बैठकीतच बजावून गेली, "आमच्यात सगळं रीतीने होतं. देवक नसेल त्या मांडवात आम्ही अक्षता टाकत नाही."

लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा मी जेवताना विचारलं, "अहो, देवक कुठून आणायचं?"

ह्यांचा घास हातातच राहिला.

"नियम बदला," मी म्हटलं.

"सभेला पंधरा दिवसांची नोटीस लागते."

"हे कोणी लिहून ठेवलं?"

"मीच," हे भाताकडे बघत म्हणाले.

मी ठाण्याला नौपाड्यात माझ्या भावाला, प्रभाकरला, पत्र टाकलं की तिकडून कळंबाची फांदी घेऊन ये. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी स्वारी घामाघूम होऊन हजर, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी. उघडून बघते तर बदाम!

"ताई, पानं चांगली मोठाली बघून आणली," तो म्हणाला.

"अरे शहाण्या, तुझ्या भाचीचं लग्न आहे, पत्रावळी नाही लावायच्या!"

देवक बाराच्या आत मांडवात हवं होतं. दहाला आम्ही सनई-ताशा घेऊन कळंबाखाली गेलो. सुवासिनी, भटजी, नवा फेटा बांधलेले हे, आणि झाडाला पाठ लावून काठी घेतलेला धाकू.

"तोडायची नाही," ह्यांनी जाहीर केलं. "पडली तर उचलू. उचलण्याबद्दल नियमात काही नाही."

धाकूने विचार केला आणि मान हलवली. मग अख्खं वऱ्हाड माना वर करून झाडाकडे बघत बसलं. एक पिवळं पान पडलं. भटजी म्हणाले, पान नाही चालत, डहाळी लागते. एक कावळा आला, सगळे श्वास रोखून बसले, तर तो प्रभाकरच्या कोटावर घाण करून उडाला. झाड जरा हलवू का, असं प्रभाकरने विचारलं, तर धाकू म्हणाला, "हलवणं म्हणजे तोडणंच." शेवटी ह्यांनी देवळाकडे हात जोडले, "पवनपुत्रा, बापाला सांगून जरासा वारा सोड." पानसुद्धा हललं नाही. मारुतीलाही कोणीतरी नियम वाचून दाखवला असणार.

साडेअकराला रंगूकाकी शेळी घेऊन आली आणि पारावर टेकली. शेळीच्या पाठीवरून हात फिरवत बसली. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

माझा मात्र तोल गेला. "अहो, बगळ्यांची पिल्लं जपलीत, आता आपल्या पिल्लाकडे बघा! तिसरं लग्न मोडलं तर ती पोर पुन्हा तोंड वर करायची नाही. तुमच्या नियमाला हळद लावून बसवू का मांडवात?"

ह्यांनी वळून घराकडे पाहिलं. पारावरून आमचा मांडव दिसतो. हळदीच्या पिवळ्या लुगड्यात शीला मेढीपाशी उभी होती, आमच्याकडेच बघत. ह्यांनी चपला काढल्या, हात वर केला आणि कडकन फांदी मोडली.

"सरपंच," धाकू काठी सावरत म्हणाला, "कान."

"धरतो रे बाबा."

दोन्ही हात कानाला, मग फांदी धरणार कशी? ती फेट्यात खोचली आणि हे निघाले. वरात निघाली असं समजून सनईवाल्याने सूर धरला, ताशा कडाडला. पुढे सरपंच, डोक्यावर कळंब डुलतोय, आणि पारावरून रंगूकाकी मोजतेय, "एक... दोन..."

पाचवी फेरी संपवून हे धापा टाकत काकीसमोर आले आणि तिच्या पायाशी वाकले. "काकी, चुकलो गं. या वयात तुला गावासमोर फिरवलं."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेवढ्यात शेळीने मान लांब केली आणि फेट्यातली फांदी ओढली. करकर, करकर. आम्ही धावेपर्यंत नुसता देठ उरला.

बाराला दहा मिनिटं होती. हे उठले आणि हात पुन्हा कानाकडे गेले. "आणखी पाच घालतो."

"बस खाली. मरशील, मेल्या," रंगूकाकी म्हणाली. ती उठली, काठीने फांदी खाली ओढली आणि चांगली पानाफुलाची डहाळी मोडली.

धाकू पुढे झेपावला. "काकी, कान धर!"

"का म्हणून? माझ्या पाच फेऱ्या मागेच झाल्यात. पानं मात्र तू काढून घेतलीस. ती आज घेते."

धाकू विचारात पडला. आधी त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग ओठ हलले, बोटं मोजून झाली. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. मग त्याने काठी बाजूला घेतली.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

काकीने फांदी ह्यांना दिली नाही, माझ्या हातात ठेवली. "घे रखमे, पोरीला आशीर्वाद सांग. आणि त्या दिवशी तू हसलीस, ते दिसलं होतं मला."

मी एका हाताने फांदी घेतली आणि दुसऱ्या हाताने माझा कान धरला.

"फेऱ्या नंतर घाल," ती म्हणाली. "आधी घरी पळ, बारा वाजतायत."