कुम्बोच्या डोळ्यातले भिंग

मित्रांनो, मी मसुराच्या दाण्याएवढे एक भिंग आहे आणि माझा मुक्काम कुम्बोच्या उजव्या डोळ्यात आहे. कारखान्यात मला इतके पारखून घेतले, की खोट काढायला जागा उरली नाही. पण आमच्या जातीला नुसते स्वच्छ असून भागत नाही. बाहुलीच्या बरोबर मधोमध बसावे लागते.

कुम्बो ही आफ्रिकेतल्या अदामावाच्या पठारावरची, गाई पाळणाऱ्या फुलानी जमातीची म्हातारी. डावा डोळा कधीच गेलेला. उजव्यातला मोतीबिंदू काढून डॉक्टरांनी मला बसवले, तेव्हा ती गाईंकडे पाहतच राहिली. मला फार अभिमान वाटला. वासरांची दावण तिच्या हाती होती. तिन्हीसांजेला गाई परतल्या की एकेक वासरू सोडून त्याच्या आईपाशी न्यायचे आणि दूध काढायचे. फुलानी घरात दावण जिची, दूध तिचे आणि मानही तिचाच.

महिनाभर वाकू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. कुम्बो आठव्या दिवशी वाकली. वासराने ढुशी दिली आणि मी सरकले, जेमतेम तांदळाच्या कणीएवढे.

उन्हात बाहुली बारीक असते, तेव्हा माझी कड झाकून जाते. सांज झाली की बाहुली मोठी होते, कड उघडी पडते आणि एका गाईच्या दोन दिसतात. कुम्बो भलतेच वासरू भलत्याच गाईला लावू लागली. गाईने लाथ झाडली, दूध काढायचा पोकळ भोपळा उपडा झाला. मी काय करणार? भिंगाला ना हात, ना पाय.

सून पेंदा तिला भर दुपारी तपासणीला घेऊन गेली. नर्सने विचारले, "काय आजी, कसं दिसतंय?"

"जाम तान," कुम्बो म्हणाली. म्हणजे सगळे कुशल. ताप असो, उपास असो, फुलानी माणूस हेच म्हणतो. त्यातून सुनेसमोर रडगाणे गायचे म्हणजे लाजच सोडायची. तिने तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. बाहुली मोठी करायचे थेंब कोणी घातले नाहीत.

"भिंग झकास आहे," नर्स म्हणाली. एवढी शाबासकी मला कधी मिळाली नव्हती, आणि ती ऐकून मला रडू आले.

संध्याकाळी पेंदा म्हणाली, "आत्याबाई, डोळा चांगला आहे म्हणे. म्हणजे तुमचं आता वयच झालं. द्या ती दावण इकडे."

कुम्बोने दिली. आता गाई परतायच्या वेळी ती खोपटात पाठ फिरवून बसते.

मित्रांनो, घरातले म्हातारे माणूस बरे आहे म्हणाले तरी तेवढ्यावर उठू नका. दिवेलागणीला जवळ बसून पुन्हा एकदा विचारा. डॉक्टरांना मला मधोमध आणता येते. पण त्यांना सांगणार कोण?