सावकाश पंखा

दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायला लावल्यावर नवऱ्याने दुकानदाराला डोक्यावरचा पंखाही बंद करायला सांगितलं.

"घामाघूम होऊ हो, दादा," दुकानदार म्हणाला. पण बटण त्याने दाबलं. चष्मा कपाळावर, पोट काउंटरला टेकलेलं, असा हा गृहस्थ कॉम्प्युटरचे सुटे भाग विकण्यात मुरलेला होता. गिऱ्हाइकाचं वेड निमूटपणे सोसलं की माल आपोआप खपतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बायकोने पिशवीतून मायक्रोफोन काढून काउंटरवर उभा केला, हेडफोन कानांवर चढवले आणि डोळे मिटून घेतले.

"हं. लावा पहिला."

पहिला कूलर फिरू लागला. हे प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायचे कूलर. कॉम्प्युटरचा तो मेंदू तापला की त्याची उष्णता काढून घ्यायची, एवढंच त्यांचं काम. काउंटरवरच्या उघड्या बोर्डाला दुकानदार एकेक जोडून दाखवत होता.

"वहिनी, लोक इथं पंखे बघायला येतात. निळा दिवा लागतो की लाल. ऐकायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"शू," नवरा म्हणाला.

"हा शीळ घालतोय," बायको डोळे न उघडता म्हणाली. "बारीक आहे, पण घालतोय."

दुसरा दुकानदाराचा लाडका होता, कारण तो सगळ्यात महाग होता. त्यात पाण्याच्या नळ्या होत्या, पाणी फिरवणारा पंप होता आणि इंद्रधनुष्यालाही जरा जास्तच वाटतील इतके दिवे होते.

"यात पाणी फिरतं, वहिनी. आवाजाचं नावच काढू नका."

ती बराच वेळ ऐकत राहिली. "गुळण्या करतोय," शेवटी म्हणाली. "दिवसभर गुळण्या करणारा पाहुणा घरात आणून ठेवल्यासारखं होईल."

दुकानदार हसला; पण लाडक्याला खोक्यात परत ठेवताना त्याचा चेहरा उतरला होता.

तिसरा उंच, अवजड आणि बिनदिव्याचा. पातळ पत्र्यांची चळत, तिच्यातून वर गेलेल्या तांब्याच्या नळ्या आणि पुढ्यात चांगला बशीएवढा पंखा. किंमत पाण्याच्या कूलरपेक्षा पुष्कळ कमी होती, त्यामुळे त्याची शिफारस करायचं दुकानदाराला आतापर्यंत सुचलं नव्हतं.

बायको डोळे मिटून थांबली. थोड्या वेळाने म्हणाली, "लावा ना."

"लावलाय की, केव्हाच."

तिने डोळे उघडले. पंखा फिरत होता, कसलीही घाई नसलेल्या माणसासारखा. तिने हेडफोन काढून नवऱ्याच्या कानांवर ठेवले. त्याने ऐकलं, पिशवीत हात घातला आणि पुठ्ठ्याचा एक मनोरा काढून कूलरच्या शेजारी उभा केला. दोघांची उंची तंतोतंत जुळली.

"आता हे काय, दादा?"

"माप. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं दार लागतं का, ते घरी बघून आलोय."

"इतकी मापं तर लोक लग्नाच्या कोटाचीसुद्धा घेत नाहीत!"

"लग्नाच्या कोटाची यांनी घेतली नव्हती," बायको म्हणाली. "फोटो आहेत. बाह्या बघा एकदा."

लग्नाला होकार द्यायला या माणसाला एक संध्याकाळ पुरली होती. कूलर ठरवायला मात्र सगळा हिवाळा गेला.

त्याला कारण होतं. घरात कामाची खोली एकच. तो भिंतीकडे तोंड करून बसायचा, ती त्याच्या मागे, खिडकीजवळच्या टेबलाशी. म्हणजे कामाच्या वेळी तिच्या वाट्याला त्याची पाठ यायची आणि त्याच्या वाट्याला तेवढंही नाही. ती ऐकण्याची पुस्तकं वाचायची. कुणाच्या तरी कादंबऱ्या मायक्रोफोनपुढे पानापानाने, वेगवेगळ्या आवाजांत. तो सिनेमांसाठी कॉम्प्युटरवर ढग करायचा. पडद्यावर राजा वादळात घोडा घालतो तेव्हा लोक राजाकडे बघतात, त्यामुळे वादळ करणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. सासरी त्याला "ढगवाले" म्हणत, आणि त्यात थट्टा किती नि मान किती, हे त्याने कधी मोजलं नव्हतं.

ढग म्हणजे नुसतं चित्र नव्हे. वाफ कुठून उठते, थंड कुठे होते, वारा तिला कुठे लोटतो, याचं गणित प्रोसेसर अव्याहत करत राहतो तेव्हा कुठे पडद्यावर एक पांढरा कोपरा फुगतो. हे लवकर व्हावं म्हणून त्याने प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला होता, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगाच्या पुढे पळवत होता. जास्त पळालं की जास्त तापायचं, आणि प्रोसेसरबरोबर फुकट आलेला इवलासा पंखा जिवाच्या आकांताने किंचाळायचा.

"चढला वाटतं तुझा ढग," असं म्हणून ती पुस्तक मिटायची.

अशी वर्षं गेली. त्याचा ढग विसावला, पंखा किंचाळायचा थांबून नुसता घोंघावू लागला की ती वाचायची. ती जेवायला उठली की तो ढग चढवायचा. मग एका प्रकाशनाने तिला मोठी कादंबरी देऊ केली. भली जाडजूड, कित्येक महिन्यांचं काम. तिथल्या संपादक बाई सभ्यपणे म्हणाल्या, "आवाज सुंदर आहे तुमचा. पण मागे काहीतरी घोंघावतं. स्वच्छ नमुना पाठवा. नाहीतर आमच्या स्टुडिओत येऊन वाचावं लागेल."

स्टुडिओ शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोज जाणं-येणं शक्यच नव्हतं. धाकटी बहीण तिकडेच राहायची, आणि ती तर टपूनच बसली होती.

"ये गं ताई, राहा काम होईपर्यंत. ढगवाले भावोजी राहतील त्यांच्या ढगांत. त्यांना कळायचंसुद्धा नाही तू गेलेली."

नवऱ्याने हे बोलणं फोनच्या स्पीकरवर ऐकलं. "जा की," तो म्हणाला. "चांगला असतो तिथला स्टुडिओ." आणि त्याच दुपारी तो कूलरच्या शोधाला लागला. वेग थोडा कमी केला असता तरी पंखा शांत झाला असता. पण मग ढग वेळेवर झाले नसते आणि त्याचं काम दुसऱ्याकडे गेलं असतं. म्हणून कूलर स्वस्त हवा, शांत हवा आणि ओव्हरक्लॉकची आच सोसणारा हवा. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचे मनोरे उगवू लागले. बायको त्यांच्यामधून भाजीचं भांडं पुढे सरकवायची आणि विचारत नसे. विचारलं असतं तर त्याने पत्र्यांची जाडी सांगितली असती.

कूलर घरी आला त्या दिवशी तिने त्याला जुना पंखा काढताना पाहिलं. खाली प्रोसेसर होता, एक चपटी, करडी चकती, मोठ्या टपाल तिकिटाएवढी.

"हा?" ती म्हणाली. "एवढासा?"

"एवढाच."

"आणि ते सगळं आभाळ यातून येतं?"

"हो."

तिने बोट पुढे केलं आणि न लावताच मागे घेतलं. त्याने चकतीवर उष्णता वाहून नेणाऱ्या मलमाचा वाटाण्याएवढा ठिपका ठेवला, कूलर दोन्ही हातांनी उचलला आणि असा हळू टेकवला की तिला तान्ह्या मुलाचं डोकं उशीवर ठेवणाऱ्या बायका आठवल्या. स्क्रू आवळताना तो एक इकडचा, एक तिकडचा असे आळीपाळीने फिरवत होता.

"या तांब्याच्या नळ्या कशाला?"

"त्यांच्यात थोडंसं पाणी असतं. खाली तापलं की त्याची वाफ होते, वर जाते. वर पत्र्यांशी थंडावली की पुन्हा पाणी होऊन खाली येते. पंप नाही, काही नाही. आपोआप चालतं."

"म्हणजे ढगच की."

त्याचा हात थांबला.

"वाफ वर जाते, थंड होते, पाणी होऊन खाली येते," ती म्हणाली. "नळीत ढग होतो, नळीत पाऊस पडतो. नाही का?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग कूलरकडे. इतकी वर्षं ढगांवर पोट भरणाऱ्या या माणसाने कूलरांवर मिळेल ते सगळं वाचलं होतं. नळ्यांचा व्यास त्याला तोंडपाठ होता. त्याने एका नळीवर करंगळी टेकवली आणि तशीच राहू दिली, जणू आतला पाऊस लागेल हाताला.

"असं कुठंच लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"मग काय झालं? आता मी सांगितलं."

पुठ्ठ्याचा अंदाज खरा ठरला. दार बरोबर लागलं. त्याने ढग सुरू केला आणि वेग पायरीपायरीने वाढवत गेला. ती आपल्या जागेवर हेडफोन लावून बसली होती. अगदी शेवटच्या पायरीला तिने बोट वर केलं. तिथे पंख्याने किंचित जोर धरला होता. खरं तर त्या पायरीने वेगात फार भर पडत नव्हती, ताप मात्र दुपटीने वाढत होता. पण तो आकडा त्याने हिवाळाभर मनात जपला होता, मित्रांना सांगायचा म्हणून. त्याने तिच्या बोटाकडे पाहिलं आणि एक पायरी खाली उतरला.

बोट खाली आलं.

"चालू आहे?"

"चालू आहे."

पडद्यावर समुद्राच्या काठाला एक ढग उठत होता. त्याचा माथा फुलकोबीसारखा फुटत, उलगडत, स्वतःच्याच आत वळत वर चढत होता, आणि खोलीत आवाज म्हणून नव्हता. खालच्या मजल्यावर कुणीतरी चमचा ठेवला, तो ऐकू आला. इतकं मोठं काहीतरी घडतंय आणि पान हलत नाही, अशा वेळी माणसं देवळात बोलतात तेवढ्याही आवाजात बोलावंसं वाटत नाही.

तिने नमुन्याची पानं पुढे ओढली.

"मी बाहेर जाऊ?" त्याने विचारलं.

"ढग कोण बघणार?"

"बघावा लागेल खरा. हलणार नाही मी."

ती वाचायला लागली. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. खुर्चीसुद्धा करकरली नाही. पानं संपल्यावर तिने ध्वनिमुद्रण तपासायला घेतलं. तिच्या कामातला हा कंटाळवाणा भाग. वाचताना आपण श्वास घेतो, तो मायक्रोफोनला वादळासारखा ऐकू जातो. म्हणून प्रत्येक वाक्याच्या आधीचा श्वास शोधायचा आणि कापून टाकायचा. इतकी वर्षं ती स्वतःचे श्वास कापत आली होती.

पहिल्या श्वासापाशी ती थांबली. पुन्हा ऐकलं. आवाज वाढवून पुन्हा.

तिच्या श्वासाखाली आणखी एक होता. मागे, दूर, जाडसर.

पंखा असेल, असं तिला आधी वाटलं. पण पंखा श्वास घेत नाही. तिने मान वर करून समोरच्या पाठीकडे पाहिलं. म्हणजे कूलर जिंकला होता आणि खोलीत आता आवाज उरला होता तो या माणसाचा. संपादक बाईंचे कान तिला ठाऊक होते. त्याला बाहेर बसवून वाचायचं, तर ढग कुणी बघायचा? आणि त्यापेक्षा बहिणीचं घर काय वाईट?

तिने कात्री लावायला सुरुवात केली. स्वतःचा श्वास कापला. त्याच्याबरोबर दुसराही गेला. पुढचा कापला, दुसराही गेला. वाक्य लांब होतं तिथे तिचा श्वास उशिरा यायचा, त्याचाही. संवाद तुटक होते तिथे दोघांचे तुटक. ही कादंबरी त्याने वाचलेली नव्हती. पान त्याच्या पाठीमागे होतं. तरी शेवटपर्यंत त्याचा एकही श्वास वाक्याच्या मध्ये आला नव्हता, एकही शब्दाला शिवला नव्हता. काप संपले तेव्हा नमुना धुतल्यासारखा स्वच्छ होता.

ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. हे आजचं असेल? की त्या घोंघावणाऱ्या पंख्याखाली रोजच?

"जमलं का?" त्याने न वळता विचारलं.

"जमलं. पुढचंही वाचून टाकते थोडं."

"वाच."

तिने मायक्रोफोन सुरू केला. कादंबरीत एक म्हातारी नदी ओलांडत होती. ती मध्यावर पोचली, तिने पाऊल उचललं, आणि बायको तिथेच थांबली. तिथे स्वल्पविरामसुद्धा नव्हता.

समोरचे खांदे श्वास धरून वर उचललेले होते. ते तसेच राहिले. पडद्यावरचा ढग चढत गेला, त्याच्या पोटात सावली धरू लागली, तरी खांदे खाली आले नाहीत. कुणी आपली एवढी वाट बघेल, हे कुठल्या पानावर वाचलं असतं तर तिला लेखकाने जरा जास्तच केलंय असं वाटलं असतं.

मग वाक्य पुरं करून तिने म्हातारीचं पाऊल पाण्यात टेकवलं, आणि ते खांदे सावकाश खाली आले.