शुकनाचा गोंडा

चणिया टेबलावर पसरलेला होता तेव्हा त्यावरचे सगळे दिवे लागत होते. निराली तो घालून आरशासमोर उभी राहिली तेव्हाही लागत होते. मग तिने गिरकी घेतली आणि सगळा घेर विझला. ती थांबली, तसा पुन्हा उजळला.

"हे काय, फिरलं की लाजतोय?" भैरवीबेन म्हणाल्या. त्यांच्या गरबा मंडळातल्या निरालीसारख्या सगळ्या मुलींसाठी असे चणिये शिवायचे होते आणि हा पहिला नमुना होता. "नवरात्रात पोरींनी काय नुसतं उभं राहायचं? मग पुतळेच मागवते की!"

कारखान्याचे मालक किरीटकाका हसले. "धरती आमची इंजिनियर आहे. आत्ता शोधून काढेल."

धरतीच्या हातात मीटर होतं, पण त्याची गरज नव्हती. तिने निरालीला उलट्या दिशेने फिरायला सांगितलं. दिवे लागलेलेच राहिले. पुन्हा सुलट फिरवलं. विझले.

चणियाच्या प्रत्येक कळीवर, म्हणजे घेराच्या उभ्या पट्टीवर, करंट वाहणाऱ्या दोऱ्याच्या दोन उभ्या रांगा होत्या, एक अधिक आणि एक उणे. त्यांच्या मधोमध शिडीच्या पायऱ्यांसारखे दिवे टाचले होते. या दोन रांगांना कशानेही जोडलं की वीज दिव्यांतून जायचे कष्ट घेत नाही, त्या सोप्या वाटेने निघून जाते. टाका सैल असता तर दोन्हीकडे फिरताना लाइट गेली असती. एकाच दिशेला जाते म्हणजे काहीतरी लोंबतं आहे, गिरकीत मागे राहतं आहे आणि शेजारच्या रांगेवर पडतं आहे.

ते काय आहे, हे धरतीला तोवर दिसलंच होतं. एका कळीवर, अधिकच्या रांगेवर, करंगळीएवढा सोनेरी गोंडा टाचला होता.

तो कारखान्यात टाके घालणाऱ्या कंकुबेनचा शुकन, म्हणजे शुभशकुन. दर नवरात्रात कारखान्यातल्या पहिल्या चणियाला त्या आपल्या रिळातल्या सच्च्या जरीचा गोंडा लावत. ही जरी त्यांच्या सासऱ्यांच्या यंत्रावर ओढलेली होती, तांब्यावर चांदी चढवलेली. ते यंत्र भंगारात जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. हा गोंडा लावण्याआधी त्यांनी विचारलंही होतं. "धरती, हा इथे चालेल ना गं?"

धरती मोबाइलवर बॅटरीच्या सेलची ऑर्डर देत होती. तिने मान वर केली नव्हती. "जरीच ना? चालेल, चालेल."

कारखान्यातली जरी तिने फार पूर्वीच तपासली होती. ती प्लास्टिकची, वरून नुसती चकाकी. करंट वाहिला की वाजणारं मीटर गप्प राहिलं होतं. तेव्हापासून ती सगळ्यांना सांगायची की जरीतून करंट जात नाही. सुरतेत आता सच्ची जरी वापरतं कोण!

"काय झालंय?" किरीटकाकांनी विचारलं.

"कुठेतरी टाका सैल असेल," धरती म्हणाली. "बघते."

वाक्य तोंडातून गेलं आणि मग तिच्या लक्षात आलं की या चणियावरचा प्रत्येक टाका कंकुबेनचा आहे.

"मला वाटलंच," किरीटकाका भैरवीबेनकडे वळले. "हात सोन्याचा आहे हो यांचा, पण नजर गेली. परवा सुईत दोरा ओवायला पाव तास लागला."

खाटलीच्या लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाशी बसलेल्या कंकुबेननी चष्मा काढला, पदराने पुसला. "असेल," त्या म्हणाल्या. "डोळे आता पहिल्यासारखे नाहीत." मग त्यांनी एकदा धरतीकडे पाहिलं. गोंड्याचं विचारलं होतं हे त्या विसरल्या आहेत की वाट बघताहेत, हे धरतीला कळेना. निरालीने उतरवून दिलेला चणिया घेऊन ती आतल्या खोलीत गेली.

दोन टाके कापले, गोंडा खिशात टाकला. काम तेवढंच होतं. तरी ती थोडा वेळ आतच थांबली, काहीतरी अवघड दुरुस्त केल्यासारखी.

या वेळी निराली दोन्हीकडे फिरली, बसली, उठली, तिने टाळ्या वाजवल्या. दिवे लागलेले राहिले. भैरवीबेननी ऑर्डर पक्की केली, घारीचा तुकडा तोंडात टाकला आणि चणिया घातलेल्या निरालीला घेऊन त्या गेल्या.

"शाबास, इंजिनियरबाई!" किरीटकाका म्हणाले. "आता ऐक. करंटचं सगळं काम लिंबायत भागातल्या पोरांना देऊ. कंकुबेन, तुम्ही घरी बसून आरसे लावा. निवांत. डोळ्यांना त्रास नको."

"बरं," कंकुबेन म्हणाल्या.

चहा आला. धरतीने बशीत ओतला आणि तो तसाच निवू दिला. कंकुबेन मात्र खाली वाकल्या होत्या. गुडघ्यांवर रांगत त्या टेबलाखाली हात फिरवत होत्या.

"काय शोधताय?" किरीटकाकांनी विचारलं.

"गोंडा पडला वाटतं कुठेतरी. जाताना चणियावर दिसला नाही. शुकनाचा होता, पायाखाली यायला नको." त्यांनी धरतीच्या खुर्चीजवळची जमीन चाचपली. "जरा पाय उचल, दीकरा."

धरतीने पाय उचलले. मग तिला तसं बसवेना. तिने खिशातून गोंडा काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्या दोन टोकांना मीटरची टोकं लावली. मीटर लांब किंचाळलं.

"टाका सैल नव्हता," ती म्हणाली. "यातून करंट जातो. त्यांनी मला विचारलं होतं. मी न बघता चालेल म्हटलं. निराली फिरली तेव्हाच मला कळलं होतं."

किरीटकाकांनी बशी खाली ठेवली. "आणि मला आत्ता सांगतेस? परक्या बाईसमोर मी यांच्या डोळ्यांचा उद्धार केला तेव्हा तोंडात काय खमण होतं?"

कंकुबेन टेबलाला धरून उठल्या. त्या रागावतील, असं धरतीला वाटलं. तसं झालं असतं तर बरं होतं.

"म्हणजे मी विचारलं होतं?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आपण नुसतं मनात आणलं असेल. म्हटलं, डोळे गेलेच होते, आता डोकंही गेलं."

धरतीने तिथूनच भैरवीबेनना फोन लावला, सगळं सांगितलं. "अगं, चणिया फिरतोय ना?" त्या म्हणाल्या. "मग झालं तर." त्यांनी फोन ठेवला. किरीटकाकांनी लिंबायतचा विषय पुन्हा काढला नाही. करंटचं काम कंकुबेनकडेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी खाटलीवर पुढचा चणिया ताणला गेला. गोंडा धरतीच्या टेबलावर होता तिथेच होता. कंकुबेननी तो परत मागितला नाही. त्या एक रीळ घेऊन आल्या.

"धरती, हा चालेल?"

"हा साधा सुती दोरा आहे, कंकुबेन. तुम्हाला माहीत आहे."

"तरी बघ."

नुसतं 'चालेल' म्हणायला धरतीची जीभ आता रेटत नव्हती. तिने मीटर काढलं, दोऱ्याला टोकं लावली. आवाज आला नाही. कंकुबेन आणखी थोडा वेळ थांबल्या, मीटर उशिरा काही बोलेल की काय म्हणून. मग खाटलीकडे गेल्या. सुई ओवली, काही टाके घातले, आणि लाल दोऱ्याचं रीळ घेऊन पुन्हा धरतीकडे यायला उठल्या.