मोठीच्या मापाचा दाखला

"चांगली वस्तू टाकायची नाही, सूनबाई. मोठीचं उसवायचं आणि धाकटीला बेतायचं. शिंप्याच्या घरात चिंधीसुद्धा वाया जात नाही!"

सासूबाईंना जाऊन वर्ष उलटलं होतं, तरी त्यांचा हा शब्द मशीनच्या घरघरीतून अजून ऐकू येई. नवरा टेलरमास्तर, म्हणून गल्ली या सुनेला मास्तरीण म्हणे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. सासऱ्यांच्या कोटाचं जाकीट झालं होतं, जाकीट विरल्यावर त्याची इस्त्री धरायची गादी झाली होती. उरलेल्या तुकड्यांच्या उश्या, उश्या फाटल्या की पायपुसणी. असं हे काटकसरीचं, नेकीचं घर. गिऱ्हाइकाचं बोटभर कापडही तिथे कधी मागे राहिलं नाही.

अशा घरात एक गोष्ट मात्र मोठीची धाकटीला दिली गेली, जी द्यायची नव्हती. जन्माचा दाखला!

मास्तरणीची पहिली लेक दुसरा वाढदिवस यायच्या आत तापाने गेली. घर सुन्न झालं. पुढे दुसरं बाळ झालं, तेही मुलगीच, तिच्याही हनुवटीवर तशीच खळी. सासूबाईंनी बाळ सुनेच्या कुशीत ठेवलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "गेली नव्हतीच गं ती. परत आली बघ! तेच नाव, तोच दाखला. पुन्हा कचेरीत हेलपाटे कशाला?" रिकाम्या झालेल्या आईला तेवढा आधार पुरला. तिने मान हलवली. धाकटीचा जन्म कुठे नोंदला गेला नाही. आणि मोठीचं जाणं? ते लिहून द्यायला कुणाचा हात धजावणार!

शाळेत नाव घालताना तोच जुना दाखला पुढे केला. कागदावर पोर दोन वर्षांनी मोठी होती. तिला पहिलीत बसवलं.

एका दुपारी ती शाळेतून आली ती सरळ बेतायच्या टेबलाखाली शिरली. चिंध्यांच्या ढिगात गुडघ्यांत तोंड खुपसून बसली.

"काय झालं गं चिमणे? कुणी मारलं का?"

"आई, मी ढ आहे का गं?"

मास्तरणीचा पाय पायडलवरच थांबला. "कोण म्हणालं असं?"

"सगळ्यांना बुटाची नाडी बांधता येते. मला नाही येत. अक्षरं पण रेघेच्या बाहेर जातात. बाई म्हणाल्या, एवढी मोठी झालीस तरी?" पोरीने डोळे वर केले. "मी मोठी आहे ना आई? मग मला का नाही येत?"

आईने खाली वाकून तिच्या बुटाची नाडी बांधली. का नाही येत, ते तिला ठाऊक होतं.

तेवढ्यात दारातून खणखणीत आवाज आला. "मास्तर, तुमच्या शिलाईला आटायची खोड आहे बरं का! ब्लाउज बघा, हात आत जाईना."

नर्समावशी आल्या होत्या. आजूबाजूच्या गल्ल्यांतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. मास्तरांच्या दोन्ही लेकी घरीच झाल्या, तेव्हाही याच मावशी धावत आल्या होत्या. मोठीची नोंद त्यांच्याच आग्रहामुळे झाली होती. धाकटीच्या वेळी मात्र त्यांची लगेच दूरच्या दवाखान्यात बदली झाली. आता निवृत्त होऊन त्या परतल्या होत्या.

"मावशी, शिलाई नाही आटत," मास्तर टेप गळ्यात टाकत हसले. "घेर वाढतो."

"तोंड वर करून सांगताय! उसवा थोडं, आत कापड सोडलंय ना?" मावशींची नजर टेबलाखाली गेली. "ही कोण उंदरी लपलीय? कितवीत गं तू?"

"पहिलीत," टेबलाखालून बारीक आवाज आला.

"पहिलीत? अगं, तुला तर मी अगदी परवा..." मावशी बोलता बोलता थांबल्या. मास्तरांनी मान खाली घातली. मावशींना सांगावं लागलं नाही. त्या काय ते समजल्या. पोरीला बाहेर खेळायला पाठवून त्या स्टुलावर टेकल्या.

"म्हणजे हिची नोंदच केली नाहीत?"

"आईच्या शब्दाबाहेर कसं जाणार होतो, मावशी?" मास्तर पुटपुटले. "आणि एक-दोन वर्षांनी काय बिघडतं? पोर मोठी झाली की निभावून जाईल."

"निभावून? मास्तर, दारात गिऱ्हाईक उभं असताना तुम्ही शेजारच्याच्या मापावर शिवता का? मग पोटच्या पोरीला दुसरीच्या मापाचं का शिवलंत? दारातच ऐकलं मी, आज ती नाडीवरून रडतेय. उद्या खेळात तिला मोठ्या मुलींशी पळायला लावतील. लग्नाचं वय झालं म्हणून कागद बोट दाखवेल, तेव्हा ती अजून कोवळीच असेल. सारा जन्म तिने दुसरीचं वय अंगावर घालून वावरायचं?"

मावशी आता मास्तरणीकडे वळल्या. त्यांचा आवाज खाली आला.

"आणि त्या पहिलीचं काय? ती हसली, रांगली, या उंबरठ्यावर पडून तिने कपाळ फोडून घेतलं. टाका मीच घातला होता. पोरी, तुझ्या पोटी दोन लेकी जन्मल्या. कागदावर एकच आहे. कोणती पुसलीत तुम्ही?"

"मावशी!" मास्तरीण ताडकन उभी राहिली. मांडीवरचं कापड खाली पडलं. "ती गेली असं मी लिहून देणार नाही! माझ्या हाताने नाही!"

मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी कापड उचलून झटकलं, घडी घातली.

"एक विचारू? धाकटीला तू त्या नावाने कधी हाक मारलीस?"

मास्तरीण 'हो' म्हणायला गेली आणि थबकली. खरंच की! चिमणी, सोनुली, बाय माझी... जन्मापासून शंभर नावांनी हाका मारल्या, पण ते एक नाव तिच्या ओठांवर कधी आलं नव्हतं!

"आईच्या जिभेला ठाऊक असतं नाव कुणाचं ते," मावशी हळूच म्हणाल्या. "देव दोन जीव एका मापात बेतत नाही गं. तिला तिचं नाव राहू दे. हिला हिचं मिळू दे. उशीर झालाय, सोपं नाही. कारण लिहून द्यावं लागेल, साक्ष लागेल, खेटे पडतील. पण होतं. साक्षीला मी येते. माझ्याच हातावर झालीय ती."

मास्तरीण मागच्या खोलीत गेली. ट्रंकेच्या तळाशी, साड्यांच्या घडीत एक पिवळा फ्रॉक होता. ज्या घरात चिंधीही वाया जात नसे, त्या घरात हा एकच कपडा कुणी उसवला नव्हता. सासूबाईंनी दोनदा विचारलं होतं, "तो पिवळा कुठे गं?" आणि आयुष्यात कधी खोटं न बोललेली सून म्हणाली होती, "कुठेतरी गहाळ झाला." तिच्या हातांना तेव्हाच कळलं होतं. मनाला आज कळलं.

ती फ्रॉक घेऊन अंगणात गेली. चिमणीला जवळ ओढून तिने तो तिच्या मांडीवर पसरला.

"हा तुझ्या ताईचा."

"मला ताई होती?"

"होती. गोड होती. तापाने गेली."

पोरीने फ्रॉकच्या बटणावरून बोट फिरवलं. "नाव काय तिचं?"

"तुझ्या वहीवर आहे ते. ते तिचं नाव आहे, राणी. आम्ही चुकून तुला दिलं. वयही तिचंच दिलं."

"मग माझं?"

"तुझं तुला देणार. नाव तुझं, वाढदिवस तुझा, दाखला तुझा. अगदी तुझ्या मापाचा. वचन!"

चिमणी विचारात पडली. "मग... मी ढ नाही?"

"नाही गं माझे आई," मास्तरणीने तिला छातीशी घट्ट धरलं. "तू ढ नाहीस. तू लहान आहेस!"

पोरगी हसली. असं मोकळं हसू त्या घराने कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. आतून मास्तर नाक शिंकरत बाहेर आले.

"अगं, पण कचेरीत आपल्याच तोंडाने आपली चूक सांगायची? शाळेतही सांगावं लागेल. लोक काय म्हणतील?"

"अहो, उलटी टीप पडली तर आपण गिऱ्हाइकासमोर उसवतो ना? तेव्हा कुठे लाज वाटते! रागावलं कुणी तर ऐकून घेऊ."

मास्तरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. अबोल, खालमानेची म्हणून आणलेली ही बायको! त्यांनी गळ्यातला टेप काढून मशीनवर ठेवला. "उद्या दुकान मी बघतो. शाळेतल्या बाईंनाही मीच सांगतो. तू जा."

बंधुभगिनींनो, या बाईचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी, की तिने कुणाला दोष दिला नाही. ना गेलेल्या सासूला, ना नवऱ्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे दिवा लावून ती सासूबाईंच्या फोटोपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचा शब्द मी मोडत नाही हो. कापडाला तो लागू आहेच. माणसाला नाही, इतकंच." आपल्याही घरांत असे उसने दाखले असतील, अंदाजाने सांगितलेली वयं असतील, आज करू उद्या करू म्हणून राहिलेल्या नोंदी असतील. बाळ जन्मलं की आईचं दूध जितकं त्याचं असतं, तितकंच त्याचं नाव आणि त्याची जन्मतारीखही त्याची आहे. ती त्याची त्याला देऊन टाकावी. आणि चूक झालीच असेल तर उसवायला लाजू नये. उशिरा घातलेली सरळ टीपही टिकते.

त्या सकाळी निघण्याआधी मास्तरणीने आपल्या मशीनवर आवरण घातलं. पिवळ्या फ्रॉकची घडी पिशवीत सगळ्यांत खाली ठेवली, वर कागद. चिमणी अंथरुणात पाय पसरून गाढ झोपली होती. तिच्या अंगावरचं पांघरूण तिने सारखं केलं.

मास्तर दाराशी चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "दोन नोंदी करायच्या आहेत. एकीचं जाणं, एकीचं येणं. आधी कोणती?"

"आधी मोठीची," ती म्हणाली. "मोठी आहे ना ती."

तिने पायांत चपला सरकवल्या, दार हलकेच ओढून घेतलं आणि कोपऱ्यावर वाट पाहणाऱ्या नर्समावशींच्या दिशेने चालू लागली.